बिजलीघाट, भाग दुसरा

“वैजयंता, तू? आणि या माणसाचा सिनेमा बघायला?”

सुलभाताईंची नजर माझ्या हातातल्या तिकिटावर होती. सुवर्णा टॉकीजच्या फाटकाबाहेर त्या आणि त्यांच्या शिवणवर्गातल्या काही बायका दंडाला काळ्या फिती बांधून उभ्या होत्या. मे महिन्यातलं इचलकरंजीचं ऊन, पायाखालचं डांबर मऊ झालेलं, आणि त्यात ताईंचा तो शाळामास्तरणीचा आवाज.

“परवा याच कटआउटला काळं फासलं तेव्हा शिडी कुणी धरली होती?”

“मीच की.”

“मग?”

“माझं काम हाय आत, ताई.”

“सिनेमात कसलं काम?”

उत्तर होतं माझ्याकडे, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. मान खाली घालून मी फाटकातून आत शिरले. मागून ताई म्हणाल्या, “जा बाई, जा. बघून ये आणि सांग आम्हाला, कसा हात चालवतो ते.”

आवारात राजवीर सहानीचा दुमजली कटआउट उभा होता. आम्ही फासलेली काजळी धुऊन काढायची म्हणून पोरं शिडीवर चढून त्याच्या डोक्यावर दुधाच्या पिशव्या फोडत होती. दुधानं कुठं काजळी जाते? दोन्ही मिळून त्या देखण्या तोंडाची पार राख झाली होती, आणि खाली ढोल वाजत होता.

त्या फेब्रुवारीत राजवीर सहानीची बायको हात गळ्यात बांधून टीव्हीवर आली होती. ती स्वतः फार बोलली नाही. तिनं एक टेप ऐकवली. त्यात तो ओरडत होता, मग काहीतरी फुटलं, मग ती ओरडली. पत्रकारांनी गाठलं तेव्हा तो गॉगलसुद्धा न काढता म्हणाला, “हमारे घर का मामला है.” ती बातमी मी माझ्या सासरी, हुपरीला पाहिली. माझा नवरा दिगंबर शेजारी बसून शेंगा फोडत होता. राजवीर म्हणजे त्याचा देव. तो म्हणाला, “ती बी काय तरी बोलली असंल की. उगंच कोण मारतंय?”

तेव्हा माझ्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला चिमट्याचा डाग अजून ओला होता. दिगंबर चांदीचे पैंजण करायचा. चिमटा भट्टीतच होता, आणि त्या दिवशी आमटी अळणी झाली होती.

पाडव्याला धैर्यशील मला न्यायला आला. धैर्या माझा धाकटा भाऊ. सणाला लेकीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी, आणि आमच्याकडे मुराळ्याचा मान मोठा. त्यानं सासरच्यांशी गोड बोलायचं, दिलेलं खायचं, वाकड्यात शिरायचं नाही. बहिणीला घेऊन तो घरी पोचला की आई दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकते आणि दोघांना शेजारी बसवून आधी वाढते. मुराळ्याचं ताट उठल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. धैर्याला हे सगळं पाठ होतं. पण त्याच्या हातावर पाणी घालायला मी तांब्या उचलला, बाही वर सरकली, आणि त्यानं डाग पाहिला.

त्यानं आत जाऊन दिगंबरला कॉलरला धरून ओसरीवर ओढत आणलं आणि त्याचं उजवं मनगट दाराच्या चौकटीवर मोडलं.

हे तो कुठं शिकला ते मला चांगलं ठाऊक होतं. ‘बिजलीघाट’चा पहिला भाग आम्ही दोघांनी सुवर्णा टॉकीजमध्ये इतक्यांदा पाहिला होता की डोअरकीपर आम्हाला नावानं हाक मारायचा. त्यातला भैरव, म्हणजे राजवीर सहानी, ट्रक ड्रायव्हर असतो, आणि गरिबाला छळणाऱ्याचं मनगट मोडतो. बंदूक नाही, तलवार नाही, नुसतं मनगट. शेवटी ट्रकसकट दरीत कोसळतो. धैर्या त्या दिवशी डोळे पुसत म्हणाला होता, “मरणार न्हाई त्यो, अक्का. दुसरा भाग येणार. कुठंबी असलो तरी पहिला दिवस, पहिला खेळ, आपल्या पंख्याखाली. शपथ?” मी शपथ घेतली होती.

पाडव्याला आम्ही घरी पोचायच्या आधीच हुपरीहून फोन आला होता. आण्णा, आमचे वडील, दारात उभे. आत पाटावर दोन ताटं वाढलेली मला बाहेरून दिसत होती.

“मुराळी म्हणून धाडला होता तुला, गुंड म्हणून न्हाई,” आण्णा म्हणाले. “जावयाच्या अंगावर हात टाकणारा माझ्या घरात जेवणार न्हाई.”

“आण्णा, अक्काला विचारा तरी—”

“चालता हो.”

धैर्या उंबऱ्यावरून फिरला. त्यानंतर त्याचा पत्ता नाही, फोन बंद. त्याचं ताट आईनं गाईला घातलं. मी आईला डाग दाखवला, तिनं रडत रडत खोबरेल लावलं आणि म्हणाली, “कुणाला दावू नगंस. झाकली मूठ सव्वा लाखाची.” आण्णांना मी तो कसा दाखवणार? लग्न झालेली लेक बापासमोर पदरही नीट करून बसते, दंड कुठून उघडा करणार? आण्णांचं आपलं एकच, भांड्याला भांडं लागतंच.

पुढं बापूमामा मध्ये पडले. ही सोयरीक त्यांनीच जमवलेली. ठरलं असं की दिगंबर पोलिसात जाणार नाही, आणि अक्षय तृतीया झाली की येत्या रविवारी मी सासरी परत जायचं. आण्णांनी शब्द दिला. आई बॅग भरायला लागली. मला रात्रंदिवस त्या भट्टीचा वास यायचा. मी परत गेले तर जिवंत राहत नाही, अशी माझी खात्रीच झाली होती, आणि ही गोष्ट ज्याला सांगावी लागणार नाही असा जगात एकच माणूस होता. त्याला शोधायला माझ्याकडे एकच जागा होती. आज शुक्रवार होता.

आत शिरल्या शिरल्या मी डाव्या भिंतीकडं धावले. आमचा पंखा होता, पूर्वीसारखाच कुरकुरत. खाली दोन खुर्च्या रिकाम्या. एकीवर मी बसले, दुसरीवर रुमाल टाकला.

“ताई, सीट खाली आहे का?”

“न्हाई. भाऊ येतोय.”

असं किती जणांना सांगितलं देव जाणे. टॉकीज भरत गेलं. मी खुर्चीवर गुडघे टेकून मागं वळून एकेक तोंड न्याहाळत होते. धैर्यासारखा भांग दिसला की काळीज हलायचं. दाराचा पडदा हलला की मी अर्धी उठायचे. मनातल्या मनात मी अंबाबाईला नवस बोलले, जोतिबाला बोलले, आणि शेवटी लाजलज्जा सोडून त्या काळ्या तोंडाच्या राजवीर सहानीलाही म्हणाले, बाबा, तुझ्यासाठी तरी त्याला येऊ दे. दिवे गेले. रुमाल तसाच होता.

पडद्यावर राजवीरचं नाव आलं आणि टॉकीज दणाणलं. माझ्या डोळ्यांपुढं त्याच्या बायकोचा गळ्यात बांधलेला हात आला. मी ठरवलं, पडद्याकडं बघायचंच नाही. उजेड पडेल तेव्हा माणसं बघायची.

पण उजेड पडायचा तो त्याच्यामुळंच. सहा वर्षांनी तो दरीतून वर आला, आणि काय सांगू, शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. मला हसू फुटलं. शेजारचा म्हातारा म्हणाला, “धोबी बी पडलेला वाटतं त्याच्याबरोबर.” मी पुन्हा हसले. मग ती घाटातली ट्रकची शर्यत आली. एका बाजूची चाकं रस्त्यावर, दुसऱ्या बाजूची हवेत, टपावर भैरव उभा, आणि मागं टँकर पेटलेला. मी कधी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली ते कळलं नाही. मग तो एका गावात उतरून चिमुरड्या पोरीला फुगा घेऊन देतो, अगदी फालतू प्रसंग, पण माझ्या डोळ्यांत पाणी. तो माणूस कसा आहे ते मला ठाऊक होतं. तरी ऊर भरून येत होता. मी भजी घेतली, खाल्ली, मला भूक होती हेच मी विसरले होते. धैर्यालाही थोडा वेळ विसरले.

मध्यंतराच्या जरा आधी भैरव आपल्या बहिणीच्या सासरी पोचतो. मोठी हवेली, बहीण दारात, डोक्यावर पदर. तो म्हणतो, “चल, माँ ने बुलाया है.” ती हलत नाही. तो तिचा हात धरायला जातो आणि ती कळवळते. तो हळूच बाही वर करतो.

सगळं टॉकीज गप्प झालं. आमच्या पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

तिचा नवरा जिन्यावरून उतरतो, हातात पट्टा. “हमारे घर का मामला है.” राजवीरनं स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडी कसं घालू दिलं, कोण जाणे. कदाचित ते आधीच चित्रित झालं असेल. भैरव जिन्याकडं चालत जातो, ते उगारलेलं मनगट हवेतच पकडतो, कॅमेरा जवळ जवळ जातो, आणि कडाक!

मी उभी राहिले. दोन बोटं जिभेखाली घालून, गच्चीवर धैर्यानं शिकवली होती तशी, जीव खाऊन शिटी मारली. ती शिकताना आईनं लाटणं फेकून मारलं होतं, आणि आज भरल्या टॉकीजमध्ये मी, घरंदाज पोरगी, शिट्टी फुंकत होते.

उजवीकडून उत्तर आलं. तश्शीच लांब शिटी, पुन्हा एकदा, माझ्या शिटीच्या मागोमाग.

“धैर्या!”

मी लोकांचे गुडघे तुडवत निघाले. कुणी शिव्या दिल्या, कुणाची भजी सांडली. पलीकडच्या रांगेत एकजण खुर्चीवर चढून उभा होता, पडद्याच्या उजेडात पाठमोरा, डाव्या हातानं मांडीवर थापा मारत. मी त्याचा शर्ट ओढला. तो वळला. त्याच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी होतं, आणि उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. म्हणून त्याला टाळ्या वाजवता येत नव्हत्या.

दिगंबर होता.

तेवढ्यात मध्यंतराचे दिवे लागले.

“वैजा! तू बी आलीयास व्हय?” त्याला खरंच आनंद झाला होता. “एकटीच? आधी सांगायचं न्हाई का, दोन तिकिटं काढली असती.” तो मला हाताशी धरून बाहेर घेऊन गेला. मीही गेले. त्यानं लिंबू-सोडा घेतला आणि माझ्या हातात दिला. लग्नानंतर इतक्या मायेनं त्यानं मला काही दिल्याचं आठवत नाही.

“कसला मोडला हात, बघितलास?” तो म्हणाला. “बाईवर हात टाकणाऱ्याला असंच पायजे. माझ्या तर अंगावर काटा आला.”

मला वाटलं, तो आता थांबेल. आता त्याच्या ध्यानात येईल.

“तुमचं मनगट कसं हाय?” मी विचारलं.

“हे? दुखतंय अजून. हातोडी धरवत न्हाई.” त्यानं ते कुरवाळलं. “तुझ्या भावाला अक्कल न्हाई, वैजा. आपल्या घरातली गोष्ट, त्यात त्यानं यायचं काय कारण? जाऊ दे, मी मनात धरलेलं न्हाई. रविवारी जीप घेऊन येतो.”

“आणि त्या पिक्चरमधल्या नवऱ्याचं काय चुकलं?”

“काय चुकलं? बायकोला मारतोय न्हवं त्यो!”

“मग तुम्ही?”

तो विचारात पडला. अगदी प्रामाणिकपणे विचारात पडला, हे मला सांगायलाच हवं. त्याच्या चेहऱ्यावर कसलाही लबाडपणा नव्हता.

“आपलं कुठं तसलं हाय?” तो म्हणाला.

घंटा झाली. “चल, चल, सुरू हुईल. माझ्याजवळ बस.”

“तुम्ही जावा,” मी म्हणाले. “माझी जागा धरलेली हाय.”

मी आमच्या पंख्याखाली परत गेले. आता दाराकडं पाहिलं नाही. धैर्या आला नव्हता, येणार नव्हता. शेवटपर्यंत पडद्यावरची नजर मी काढली नाही. भैरवनं हवेली पेटवली, टँकर उलटवला, बहिणीला ट्रकमध्ये बसवून घाटातून नेलं. मला सगळं आवडलं. दिगंबर कुठं कुठं शिट्ट्या मारतो ते मला ऐकू येत होतं, आणि ज्या जागी तो मारत होता त्याच जागी माझ्याही अंगावर रोमांच उठत होते.

बाहेर सुलभाताई अजून उभ्या होत्या. घामानं भिजलेल्या.

“झालं समाधान?”

“लई आवडला, ताई.”

“आवडला! अगं, त्या बाईचा हात—”

“माहीत हाय मला.” मी फाटकातच, सगळ्यांदेखत, बाही वर केली. दुकानदार बघत होते, पोरं बघत होती. ताईंनी घाईनं आपला पदर माझ्यावर धरला. “रविवारी मला परत धाडायला बैठक हाय आमच्याकडं,” मी म्हणाले. “तुम्ही याल?”

रविवारी आण्णांनी घरातले यंत्रमाग बंद ठेवले होते. एरवी खडखडाटात बोलणारी आम्ही माणसं, शांततेत सगळ्यांचेच आवाज मोठे वाटत होते. दिगंबर आणि त्याचे चुलते जीप घेऊन आले. बापूमामा लोडाला टेकून बसले. माझी बॅग दाराशी होती. सुलभाताई कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या तेव्हा मामांनी कपाळाला आठी घातली, पण पाहुण्यांपुढं काही बोलता येईना.

मी चहा दिला आणि तिथंच उभी राहिले.

“पोरीनं आत जावं,” मामा म्हणाले.

“जातो, मामा. तेवढं यांना पिक्चरची गोष्ट सांगू द्या. परवा बघितला यांनी. आण्णांनी न्हाई बघितला.”

“आता पिक्चर कसला काढलास?”

पण दिगंबरचा चेहरा उजळला होता. “न्हाई, न्हाई, मामा, ऐकण्यासारखाच हाय,” म्हणत तो पुढं सरकला. त्याला सांगायची हौस होती आणि सांगायचाही छान. दरीतून कसा वर आला, शर्यत कशी झाली, टँकर कसा पेटला. पेल्यांचे ट्रक केले, ताटलीचा घाट केला. चुलते हसले. मामांचा चहा निवून गेला. आण्णा, ज्यांनी पोरगं गेल्यापासून टीव्हीसुद्धा लावू दिला नव्हता, तेही मान पुढं करून ऐकायला लागले.

“मग जातोय बहिणीकडं. न्यायला. मुराळीच समजा की. बहीण दारात उभी. बोलंना, हलंना. ह्यो हात धरतोय तर कळवळली. मग ह्यानं बाही वर केली. आयला, आण्णा, सगळं टॉकीज गप! तेवढ्यात नवरा आला जिन्यावरनं. भैरवनं असं मनगट धरलं,” दिगंबरनं आपल्या डाव्या हातानं आपलंच बँडेज बांधलेलं मनगट धरून वर उचललं, “आणि कडाक! मोडलं!”

“का रं मोडलं?” आण्णांनी विचारलं. गोष्टीत पार रंगून गेलेल्या माणसानं विचारावं तसं.

“का म्हणजे? बहिणीला मारत व्हता की त्यो! भाऊ बघून सोडतोय व्हय?”

हात तसाच वर राहिला. आधी चुलत्यांनी त्या मनगटाकडं पाहिलं, मग मामांनी. दिगंबर एकेकाच्या तोंडाकडं बघत होता, गोष्ट का रंगली नाही ते त्याला कळत नव्हतं. मी आण्णांच्या पुढ्यात बसले आणि बाही वर केली.

आण्णांनी चष्मा लावला. डाग पाहिला. मग त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला.

“आण्णा, पिक्चरचं येगळं असतंय—” दिगंबर म्हणाला.

“चहा घ्या आणि निघा,” आण्णा त्याच्या चुलत्यांना म्हणाले. “पोरगी येणार न्हाई.”

“शब्द दिलाय तुम्ही, भाऊजी,” मामा म्हणाले.

“मोडला.”

जीप गेली. दिगंबर शेवटपर्यंत माझ्याकडं बघत होता, रागानं नाही, गोंधळून. सुलभाताई चपला घालताना हळूच म्हणाल्या, “शेवटी त्या बहिणीचं काय होतं गं?”

“बघा की जाऊन.”

“छे! त्या माणसाचा नाही हं बघणार मी.” आणि त्यांनी तो आजतागायत पाहिलेला नाही. राजवीर सहानीच्या बायकोला पुढं कोर्टानं न्याय दिला, तेव्हा ताईंनी वर्गात पेढे वाटले. मी दोन खाल्ले. टीव्हीवर ‘बिजलीघाट’ लागला तर मी अजून कामं टाकून बसते, तेही तितकंच खरं.

त्या रविवारी दिवेलागणीला फोन वाजला. अनोळखी नंबर.

“अक्का?”

“धैर्या! कुठं हायस तू?”

“सुरतंला हाय मी. एका मिलात लागलोय. फोन करणार नव्हतो, पण पिक्चर बघितल्यापासनं करमंना. पहिला खेळ, हितल्या टॉकीजात, पंख्याखालीच. शेजारच्या खुर्चीवर चप्पल ठिवून जागा धरली व्हती. शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं न्हाई, मारामारी झाली.” तो थांबला. “तू बघितलास?”

“बघितला. शिटी मारली.”

“खरं?” तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला. “अक्का, तू गेलीस का परत?”

मी काही सांगायच्या आत आण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. तो कानाला लावला. पलीकडून धैर्या “अक्का, अक्का” करत असल्याचं मला ऐकू येत होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली.

“धैर्या,” आण्णा म्हणाले, “तुझं ताट वाढायचं राहिलंय. ये.”